ल्युअर खोल नेण्यासाठी काय निवडावं?

बेलापूर, दिवाळे, मोरा किंवा करंजाहून होडी घेऊन सुरमईच्या मागे निघणाऱ्या हौशी मासेमाराला एक प्रश्न लवकरच गाठतो. होडी पाच नॉटने चालली आहे, मागे चाळीस-पन्नास मीटर लाइन सोडलेली आहे, फिशफाइंडरच्या पडद्यावर सात मीटर खोलीवर बारीक माशांचा दाट थवा दिसतो आहे, आणि ल्युअर (कृत्रिम आमिष) मात्र वरच्या मीटर-दीड मीटर पाण्यातच पोहतो आहे. त्याला खाली नेण्याचे मार्ग पाच आहेत. लाइनवर शिशाचं वजन चढवता येतं. पोटात शिशाची तार असलेली लेडकोअर लाइन वापरता येते. पाण्याच्या दाबाने खाली बुडणारी प्लेनर नावाची पट्टी मध्ये जोडता येते. जड गोळा तारेवर सोडून त्याला लाइन अडकवणारं डाउनरिगर होडीवर बसवता येतं. किंवा तोंडाला लांब पाती असलेला, स्वतःच बुडी मारणारा ल्युअर बांधता येतो. (ट्रोलिंग म्हणजे इथे चालत्या होडीमागे गळ ओढणं, ट्रॉलरच्या जाळ्याशी त्याचा संबंध नाही.) मुंबई बंदर आणि उरण-अलिबागसमोरच्या पाण्यासाठी माझी पहिली पसंती पातीच्या ल्युअरला आहे, दुसरी प्लेनरला, आणि डाउनरिगरचा विचार सर्वांत शेवटी करावा असं माझं मत आहे. आपल्याकडे फार खोल जावं लागतच नाही. वेग आणि प्रवाह सतत बदलत असताना ठरवलेल्या खोलीवर ल्युअर टिकवणं हे इथलं खरं अवघड काम आहे, आणि साधन निवडायचं ते त्या कामासाठी.

हे मत बऱ्याच जणांना उलटं वाटेल, कारण इंटरनेटवरचे परदेशी व्हिडिओ पाहून ट्रोलिंग शिकणाऱ्याच्या मनात डाउनरिगर म्हणजे सर्वांत प्रगत साधन असं पक्कं बसलेलं असतं. ते साधन कुठल्या पाण्यासाठी रुजलं, हे आधी पाहिलं पाहिजे. 1966 साली मिशिगन राज्याने लेक मिशिगनच्या खोऱ्यात कोहो साल्मन सोडला आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या विशाल सरोवरांवर साल्मनच्या शिकारीचं वेड पसरलं. डाउनरिगर घरोघरी पोचलं ते त्या लाटेत. तिथलं पाणी गोडं आणि पुष्कळसं नितळ. उन्हाळ्यात वर कोमट आणि खाली गार असे त्याचे स्पष्ट थर पडतात. साल्मनला गार पाणी लागतं, त्यामुळे तो वीस-तीस मीटर खाली त्या थरांच्या सीमेवर राहतो. होडीचा वेग दोन-अडीच नॉट, भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. अशा ठिकाणी गोळा बावीस मीटरवर सोडला की तो तासभर बावीस मीटरच्या आसपास राहतो, आणि मासाही तिथेच असतो. साधन आणि पाणी एकमेकांना इतकं जुळलेलं असल्यावर त्याची कीर्ती होणारच.

आपल्या बंदरात यातली एकही गोष्ट नाही. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा सगळं पाणी ढवळून काढते, त्यामुळे कोरड्या ऋतूत वरच्या आणि तळाच्या पाण्यात तापमानाचा म्हणावा तसा फरक राहत नाही. मासा कुठल्या खोलीवर असेल हे इथे तळाचा चढउतार, खडक, प्रवाहाची कड आणि चाऱ्याचे थवे ठरवतात. खोलीही फार नाही. ठाण्याच्या खाडीचा बराच भाग ओहोटीला चिखल उघडा पडण्याइतका उथळ आहे. 1989 साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरासाठी मोठ्या जहाजांचा मार्ग खणून सुमारे 15 मीटर खोल केला आहे, पण तिथे आपण ट्रोलिंग करणारच नाही. बंदराच्या तोंडाबाहेर पडल्यावरही मुंबईसमोरचा समुद्रतळ फार मंद उताराने खाली जातो. खंडमंच दोनशे किलोमीटरांहून जास्त रुंद आहे. म्हणजे एका दिवसात जाऊन परतणाऱ्या होडीला जे पाणी मिळतं ते बहुतेक पाच ते वीस मीटरांचं, कोळ्यांच्या मापात तीन ते अकरा वावांचं. त्यात ल्युअर तीन, सहा किंवा नऊ मीटरवर नेता आला की जवळजवळ सगळं काम भागतं.

पण ही खोली एका जागी स्थिर राहत नाही. मुंबईची मोठी भरती साडेचार मीटरांच्या वर जाते. नकाशावर एखाद्या जागी 6 मीटर लिहिलं असेल तर त्याचा अर्थ अगदी खालच्या ओहोटीला तिथे सहा मीटर पाणी असतं. भरतीची उंची 4.2 मीटर असेल तेव्हा त्याच जागी 10.2 मीटर पाणी असतं, आणि सहा तासांनी ओहोटी 0.8 मीटरवर आली की 6.8 मीटर. सकाळी तळापासून तीन मीटर वर पोहणारा ल्युअर दुपारी त्याच रेषेवर तळाशी घासू लागेल. त्यामुळे होडीवर भरती-ओहोटीचा तक्ता हवाच, आणि ज्या साधनाची खोली मिनिटाभरात बदलता येते ते साधन जवळचं मानावं. ल्युअर बदलायला किंवा दहा मीटर लाइन गुंडाळायला तेवढाच वेळ लागतो.

त्याहून मोठी अडचण वेगाची आहे, आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जीपीएस दाखवतो तो जमिनीच्या तुलनेत होडीचा वेग. ल्युअरला कळतो तो फक्त पाण्याच्या तुलनेतला वेग. उधाणाच्या दिवसांत बंदरातला प्रवाह दोन-तीन नॉटपर्यंत जातो. समजा जीपीएसवर 5 नॉट दिसत आहेत आणि प्रवाह 2 नॉट आहे. प्रवाहासोबत जाताना ल्युअर पाण्यातून 3 नॉटने चालतो, वळून प्रवाहाविरुद्ध निघालात की 7 नॉटने. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 9 च्या जागी 49, साडेपाच पटींच्या आसपास. पडद्यावरचा आकडा तोच, आणि पाण्याखाली सगळं बदललेलं. तेव्हा साधन निवडताना विचारायचं ते हे, की विरोध पाचपट झाला तर याची खोली किती बिघडेल?

वजनावर चालणाऱ्या साधनांची या कसोटीवर दाणादाण उडते, कारण शिशाचा खाली ओढणारा जोर कायम तेवढाच असतो आणि मागे ओढणारा पाण्याचा विरोध वाढत जातो. एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. डाउनरिगरचा साडेचार किलोचा गोळा पाण्यात सुमारे चार किलो भरतो. तो एक मिलिमीटरपेक्षा किंचित बारीक अशा पोलादी तारेवर दहा मीटर खाली सोडला आणि पाण्यातला वेग 4 नॉट ठेवला, तर गोळ्यावरचा विरोध पाऊण किलोच्या आतबाहेर येतो, पण नुसत्या तारेवरचा विरोध दोन किलोंच्या वर जातो. गोळ्यापेक्षा तारच जास्त मागे खेचते! होडीच्या कडेशी तार उभ्या रेषेपासून पस्तीस अंशांच्या आसपास मागे झुकते. तरी इथपर्यंत खोली फारशी हरवत नाही. 7 नॉटला मात्र हाच विरोध तिप्पट होतो, तार आडवी होऊ लागते आणि दहा मीटर तार सोडूनही गोळा दहा मीटरच्या बराच वर राहतो. साडेचार किलोच्या गोळ्याची ही गत असेल तर लाइनवर चढवलेल्या दोनशे ग्रॅम शिशाची काय कथा? 4 नॉटला ते ल्युअरला दोन-तीन मीटरच्या पलीकडे फारसं नेत नाही. खाडीच्या कडेने, खारफुटीच्या जवळून जिताड्यासाठी दोन नॉटने सरकत जाताना असं वजन चालतं. सुरमईच्या वेगाला ते निरुपयोगी आहे.

लेडकोअरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे तिची शिफारस करण्यासारखं फार काही नाही. ही लाइन दर दहा यार्डांवर, म्हणजे सव्वानऊ मीटरच्या आत, रंग बदलते, आणि ताशी दोन मैलांच्या संथ वेगाला एकेक रंग ल्युअरला साधारण दीड मीटर खाली नेतो. म्हणजे त्या वेगालाही साडेसात मीटरसाठी पाच रंग, पंचेचाळीस मीटर लेडकोअर, आणि पुढे मोकळी लाइन वेगळी. सुरमईसाठी वेग दुप्पट केला की हे गणित कोसळतं आणि शंभर मीटर लेडकोअर सोडूनही ती खोली मिळेलच असं नाही. मोरा आणि भाऊचा धक्का यांच्यामध्ये लाँच, बार्ज आणि मच्छीमार होड्यांची जी ये-जा असते तीत होडीमागे शंभर मीटर जड लाइन ओढत फिरणं म्हणजे कुणाच्या तरी पंख्यात ती गुंतवण्याची तयारीच.

पातीचा ल्युअर वेगळ्या तत्त्वावर खाली जातो. तो उलटा पतंग आहे: पतंगाला वारा वर उचलतो, ल्युअरला पाणी खाली ढकलतं. ढकलण्याचा हा जोर वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो, आणि लाइनवरचा विरोधही वर्गाबरोबरच वाढतो. दोन्ही एकाच चालीने वाढत असल्यामुळे त्यांचं प्रमाण, आणि म्हणून खोली, वेग बदलला तरी जवळपास तीच राहते. 3 नॉटला आणि 6 नॉटला चांगल्या ल्युअरच्या खोलीत जो फरक पडतो तो वजनाच्या साधनातल्या फरकापुढे किरकोळ असतो. याला वरची मर्यादा आहे. वेग ल्युअरच्या आवाक्याबाहेर गेला की तो कलंडतो, कुशीवर पडून पृष्ठभागावर येतो. पण समुद्रासाठी बनवलेल्या ल्युअरमध्ये ही मर्यादा आपल्या वापराच्या बरीच वर असते. रापाला कंपनीच्या एक्स-रॅप मॅग्नम मालिकेतले 10, 20, 30, 40 हे आकडे फुटांतली खोली सांगतात. त्यांचे मीटर केले तर साधारण 3, 6, 9 आणि 12. आपल्याला लागणाऱ्या खोलीची ही तयार शिडीच आहे, आणि इतर कंपन्यांच्या ल्युअरांवरही अशी खोली छापलेली असते.

छापलेली खोली मिळेल की नाही हे मात्र लाइनच्या जाडीवर ठरतं, आणि इथे पुष्कळांचे पैसे वाया जातात. महागडा नऊ मीटरचा ल्युअर जाड मोनोफिलामेंटवर बांधला की तो सहा मीटरवरच अडतो, आणि दोष ल्युअरला दिला जातो. पन्नास पौंडांची मोनो लाइन साधारण 0.7 मिलिमीटर जाड असते; तेवढ्याच ताकदीच्या पीई 4 ब्रेडचा, म्हणजे विणलेल्या लाइनचा, व्यास 0.33 मिलिमीटर. जाडी निम्म्याहून कमी म्हणजे लाइनवरचा विरोधही निम्म्याहून कमी. ब्रेड फारशी ताणली जात नसल्यामुळे ल्युअरची थरथर रॉडच्या टोकापर्यंत जशीच्या तशी पोचते, हा आणखी एक फायदा. लाइन जास्त सोडली की ल्युअर जास्त खोल जातो, हे एका मर्यादेपर्यंतच खरं आहे. सोडलेली प्रत्येक जादा मीटर लाइन स्वतःचा विरोध घेऊन येते, त्यामुळे साठ-सत्तर मीटरनंतर खोलीत मिळणारी भर नगण्य होते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. आपल्या पाण्यात होडी वारंवार थांबवावी लागते: समोरून बार्ज येते, पुढे कुणाची जाळी दिसते, पंख्यात प्लास्टिक अडकतं. होडी थांबली की तरंगणाऱ्या जातीचा पातीचा ल्युअर आपोआप वर येतो. शिसं, लेडकोअर आणि डाउनरिगरचा गोळा खाली जातात आणि तळाला जे असेल त्याला अडकतात: जुन्या नांगराची साखळी, फाटलेलं जाळं, डोलीचा (खांबांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याचा) दोर. पाच किलोचा गोळा पोलादी तारेवर तळाशी अडकला आहे, उधाणाचा प्रवाह होडीला ढकलतो आहे आणि तार होडीच्या एका कडेला बांधलेली आहे, ही स्थिती अठरा-वीस फुटी होडीसाठी धोक्याची आहे. होडी त्या बाजूला झुकते आणि पाणी आत येऊ शकतं. डाउनरिगर बसवलंच तर तार तोडायची पक्कड त्याच्या शेजारी बांधून ठेवलेली असली पाहिजे. पेटीत कुठेतरी आहे, एवढं पुरत नाही.

डाउनरिगरच्या बाजूने सांगितलं जातं की खोली नेमकी कळते, मासा लागताच लाइन क्लिपमधून सुटते आणि वजनाशिवाय मोकळी झुंज देता येते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांच्यासाठी डाउनरिगर घेण्यासारखी परिस्थितीही आहे. स्वतःची होडी आहे, कडेला कंस पक्का बसवलेला आहे, आपण वीस मीटरच्या पुढच्या मोकळ्या पाण्यात जातो, आणि मेलेली किंवा जिवंत तारली दोन-तीन नॉटने ओढतो, अशा माणसाला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही, कारण तारलीला पाती नसते आणि वेग कमी असल्यामुळे तारही फार झुकत नाही. पण नवी मुंबईतला बहुतेक हौशी मासेमार कोळी नाखव्याची होडी दिवसाच्या भाड्याने घेतो. त्या होडीची कड जाळी ओढण्यासाठी मोकळी ठेवलेली असते, कंस बसवायला जागा नसते, आणि दर वेळी वेगळी होडी मिळते. अशा होडीवर नेमकेपणा मिळवण्यासाठी आणलेलं यंत्र निम्मा दिवस हातातच राहतं. शिवाय हा नेमकेपणा तारेच्या मीटरांचा असतो. झुकलेल्या तारेवर मीटरचा आकडा आणि गोळ्याची खोली या दोन गोष्टी वेगळ्या होतात, हे वरच्या हिशेबात दिसलंच.

प्लेनरला मी दुसऱ्या जागी ठेवतो आणि ती जागा मानाची आहे. तत्त्व पातीच्या ल्युअरचंच: तिरकी पट्टी पाण्याच्या दाबाने खाली जाते, त्यामुळे वेग बदलला तरी खोली फार बदलत नाही. फायदा असा की तिच्यामागे काहीही बांधता येतं. चमचा, पिसांचा ल्युअर, तारली, ज्यांना स्वतःला बुडता येत नाही ते सगळं. मासा लागला की कडी सरकते, पट्टी आडवी होते आणि सगळं वर येऊ लागतं. खोट तिच्या ओढीची आहे. पाच नॉटला मध्यम प्लेनर रॉडला इतका वाकवून ठेवतो की लहान मासा लागल्याचं कळतच नाही, आणि पट्टी रॉडच्या टोकाशी आल्यावर उरलेला दहा-पंधरा मीटरचा लीडर हाताने ओढावा लागतो. म्हणून प्लेनर रॉडवर न लावता होडीच्या खुंट्याला बांधलेल्या जाड हातदोरीवर लावणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. नाखव्याला हातदोरीची सवय असते, हातमोजे घातलेले असले म्हणजे झालं. रॉडवर झुंज देण्यातच ज्याचा आनंद आहे त्याला हे पटणार नाही. त्याने पातीच्या ल्युअरवरच राहावं.

पातीच्या ल्युअरवर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला खर्चाचा. एक चांगला ल्युअर महाग असतो आणि सुरमईच्या दातांनी किंवा खडकाने तो एका फटक्यात जातो; दोनशे ग्रॅम शिसं स्वस्त. पण शिशाच्या मागेही ल्युअर असतोच, आणि थांबलेल्या होडीखाली बुडणारी जोडी तरंगणाऱ्यापेक्षा जास्त वेळा हरवते. त्यात हरवलेलं शिसं तळाच्या चिखलात कायमचं पडून राहतं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: बंदराचं पाणी इतकं गढूळ की नजरेने शिकार करणाऱ्या सुरमईला सात मीटरवरचा ल्युअर दिसणारच कसा? गढूळपणाचा मोठा भाग भरती-ओहोटीने उचललेल्या गाळाचा असतो, त्यामुळे त्याचं उत्तर साधनापेक्षा तिथीत जास्त आहे. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या उधाणात प्रवाह जोरात असतो आणि गाळ वर येतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात तेव्हा प्रवाह मंदावतो आणि पाणी त्यामानाने निवळतं. त्याच दिवसांत पाण्यातला वेगही जास्त स्थिर राहतो, म्हणजे खोली टिकवणंही सोपं होतं. सुरमईचं ट्रोलिंग पावसाळा सरून पाणी निवळल्यावर, भांगाच्या दिवसांत, बंदराच्या तोंडाबाहेर खांदेरी-उंदेरीच्या बाजूला खडकाच्या कडेने करावं. गढूळ खाडीत जिताडा आणि रावस जास्त भरवशाचे, आणि तिथे तीन मीटरचा, पोटात खुळखुळ वाजणारे मणी असलेला ल्युअर सावकाश ओढावा; नजरेपेक्षा तिथे आवाज आणि थरथर उपयोगी पडते.

साधन कोणतंही घ्या, ते आपल्या होडीमागे आपल्या लाइनवर किती खोल जातं हे एकदा मोजून ठेवलं नाही तर वरचं सगळं कागदावर राहतं. आपला तळ बहुतेक मऊ चिखलाचा, म्हणून मोजणी सोपी आणि स्वस्त आहे. पाणी थबकण्याच्या वेळी, म्हणजे भरती संपून ओहोटी सुरू होण्याच्या मधल्या वेळात, खोल पाण्यातून हळूहळू उथळ होत जाणारी चिखलाची पट्टी निवडा. दर दहा मीटरला रंग बदलणारी ब्रेड घ्या, चाळीस मीटर सोडा आणि साडेचार नॉटने उथळाकडे चाला. नीट पोहणाऱ्या ल्युअरमुळे रॉडचं टोक एकसारखं, बारीक, झपझप हलत असतं. पाती चिखलाला टेकली की ती लय मोडते, टोक एकदम जड होऊन मागे जातं, पुन्हा उसळतं, पुन्हा जड होतं. त्या क्षणी फिशफाइंडरवर जो आकडा असेल तो वाचा, आणि होडी पुढे आहे, ल्युअर चाळीस मीटर मागे आहे, हे लक्षात घेऊन थोडी भर घाला. मग तीस आणि पन्नास मीटरला हेच करा आणि ल्युअरच्या पोटावर वॉटरप्रूफ पेनने आकडे लिहून ठेवा. टोकाची हालचाल पूर्ण थांबली तर ल्युअरला प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ लागलं आहे, लगेच ओढून घ्या. आपल्या बंदरात हे सतत होतं आणि मेलेला ल्युअर अर्धा तास ओढत बसण्यासारखा दुसरा अपव्यय नाही. ल्युअर आपल्याकडे येताना एका बाजूला पळत असेल तर त्याच्या नाकावरची कडी चिमट्याने विरुद्ध बाजूला अगदी किंचित वाकवा.

रॉड दोन असतील तर खोल ल्युअर जवळ, पंचवीस-तीस मीटरवर ठेवा आणि उथळ ल्युअर लांब, पन्नास मीटरवर. वळताना लाइनी एकमेकींत गुंतत नाहीत. वळणंही मुद्दाम घ्यावीत. वळणाच्या आतल्या बाजूचा ल्युअर मंदावतो, बाहेरचा वेग घेतो, आणि चाल अशी बदलली की मागे येणारा मासा अनेकदा तोंड घालतो. आतल्या बाजूला घास लागत असेल तर वेग कमी करून पाहा, बाहेरच्या बाजूला लागत असेल तर वाढवून.

वाहतुकीबद्दल एक गैरसमज दूर करणं जरुरीचं आहे. मासेमारी करणाऱ्या होडीला समुद्रावर काही सवलती आहेत असं ऐकून माणसं निर्धास्त होतात. 1972 च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांत मासेमारीत गुंतलेल्या नौकेची व्याख्या आहे आणि तिच्यातून ट्रोलिंगच्या लाइनी ओढणारी नौका स्पष्टपणे वगळली आहे, कारण तिची वळण्याची क्षमता अडलेली नसते. म्हणजे ट्रोलिंग करणारी होडी ही साधी यांत्रिक होडी. जाळं टाकून उभ्या असलेल्या कोळी बांधवांना वाट देणं तिचं कर्तव्य आहे, आणि जहाजांच्या खणलेल्या मार्गात तर तिने कुणाला अडथळाच करू नये. हाही आखूड लाइन आणि पटकन गुंडाळता येणाऱ्या साधनाच्या बाजूचाच पुरावा. डोलीच्या खांबांच्या आणि बोयांच्या रांगेतून कधीही जाऊ नका; लांबून वळसा घाला, जाळं प्रवाहाच्या दिशेने किती लांब पसरलं असेल याचा अंदाज नाखव्यालाच असतो. जवाहर द्वीपाचा तेलधक्का, तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राचा किनारा आणि करंजाजवळचा नौदलाचा भाग यांपासून दूर राहायचं. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधली खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर स्थळ. तिथे ल्युअर घेऊन जाऊच नये. अटल सेतूच्या खांबांपाशी मासा असणार हे उघड आहे, पण तिथे घुटमळणारी होडी सुरक्षारक्षकांच्या नजरेत येते आणि येणं बरोबरही आहे.

खरेदीचा क्रम माझ्या मते असा असावा. आधी पीई 4 ची रंगीत ब्रेड तीनशे मीटर आणि ती मावेल असं रील. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शावर लावायचा. मग तीन ल्युअर: तीन, सहा आणि नऊ मीटरचे. रंगांच्या मागे लागून एकाच खोलीचे पाच घेण्यापेक्षा तीन खोल्यांचे तीन घेतलेले चांगले. एक मोसम यांवर काढल्यावर, तारली किंवा चमचा खोल न्यायची गरज खरोखर वाटली तर एक मध्यम प्लेनर आणि हातदोरी. डाउनरिगर स्वतःची होडी आल्यावर. सुरमईसाठी ल्युअरच्या पुढे तीस-चाळीस सेंटिमीटर पोलादी तार लागतेच, नाहीतर दात ब्रेड कापतात. पण तार आणि तिचा स्नॅप चालतील तेवढे बारीक घ्या. जाड तार आणि मोठा स्नॅप ल्युअरच्या नाकावर बसले की त्याची थरथर मंदावते आणि तो ठरलेल्या खोलीच्या वरच राहतो.